तिरकी जाणारी चीर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. चार वर्षं विमा कंपनीत जोखमीची गणितं मांडून जीव उबगलाय, आता हाताने काहीतरी करायचंय, झाडामातीत राहायचंय. हे सगळं मला कळतं. पण "डोकं बाजूला ठेवून मनाचं ऐकणार" हे वाक्य तू दोन ठिकाणी लिहिलंयस आणि माझी काळजी तिथेच सुरू झाली. पुण्यातली चौदा वर्षांची विश्लेषकाची नोकरी सोडून मी बांबूकाम करायला सिंधुदुर्गात आले, तेव्हा माझ्याही तोंडी हेच होतं.

पहिल्याच वर्षी चाळीस दिव्यांची ऑर्डर मिळाली. वैशाखात बांबू तोडले, मनापासून काम केलं, दिवे सुंदर झाले. दोन महिन्यांनी गिऱ्हाइकाचा फोन आला, रोज सकाळी दिव्याखाली पीठ पडतंय. कीड लागली होती. शेजारच्या बुरूडआजोबांना एक दिवा दाखवला, तर त्यांनी बोटाने ते पीठ चोळलं आणि एवढंच विचारलं, "ह्यो खंयच्या म्हयन्यात तोडलस?"

पावसाच्या तोंडावर बांबू नव्या कोंबांसाठी पिष्ट, म्हणजे स्टार्च, साठवून ठेवतो, आणि कीड त्या पिष्टावरच येते. पावसाळाभर कोंब ते पिष्ट ओढून घेतात; थंडीत तोडलेला बांबू म्हणून टिकतो. तोही तीन वर्षांचा तरी हवा. कोंब एका पावसाळ्यात पूर्ण उंच होतो, जाडीला पुढे वाढत नाही, पण आतून कठीण व्हायला त्याला दोन-तीन वर्षं लागतात. हे आजोबांना ठाऊक होतं, मला नव्हतं, आणि माझं मन कितीही स्वच्छ असलं तरी किडीला त्याचं काय?

तेव्हापासून वही ठेवली. बांबूचं कुठलं बेट, कधी तोडलं, तिथी कोणती, किती दिवस वाहत्या पाण्यात ठेवलं, पीठ पडलं का. अकरा वर्षांच्या नोंदी आहेत. अवसेला तोडावं असं इथे सगळे सांगतात. माझ्या वहीत ऋतूचा फरक ठळक दिसतो, तिथीचा तितका नाही. तरी मी अवसेच्या आसपासच तोडते, कारण सोबतीला येणारी माणसं तेव्हाच येतात.

आता हाताबद्दल. माणगा, म्हणजे इकडचा बांबू, चिरायला बसशील तेव्हा कोयतीचा पहिला घाव सोपा वाटेल. मग दोन-तीन पेरं गेल्यावर चीर एका बाजूला सरकू लागते, एक कामटी, म्हणजे चिरलेली पट्टी, पातळ, दुसरी जाड. नवशिक्या तिथे कोयती दाबतो आणि कामटी तुटते. खरं तर जाड बाजू जास्त वाकवायची असते, की चीर हळूहळू परत मध्यावर येते. हे वाचून तुला समजलं असेल. हाताला समजायला मला सात महिने लागले. आजोबा चिरताना माझ्याकडे पाहायचेसुद्धा नाहीत. गाठीजवळ आवाज बदलला की तिकडूनच "व्हयता" किंवा "नाय" म्हणायचे. ते सात महिने मला कुणी वाचवून दिले असते तरी मी घेतले नसते.

पण ज्याला तू मनाचं काम म्हणतोस, ते आजोबांनी कधी निवडलं नव्हतं. जातीने त्यांच्या हातात कोयती दिली आणि जातीनेच त्या कामाची किंमत पाडून ठेवली. ज्या सुपात आपण तान्हं बाळ ठेवतो, त्याच सुपावर बाजारात दहा रुपयांसाठी घासाघीस करतो. मी एकदा त्यांच्या एका सुपाचे तास मांडले: बांबू आणायला चालणं, तोडणं, चिरणं, साल आणि गाभा वेगळा करणं, विणणं, कड बांधणं. आलेला भाव शेतमजुरीपेक्षाही कमी होता. ते कोष्टक मी त्यांच्या मुलासमोर वाचून दाखवलं आणि पुढच्या आठवडी बाजारात त्याने भाव वाढवून सांगितला. चौदा वर्षांच्या नोकरीत शिकलेल्याचं चीज झालं असं मला त्या दिवशी वाटलं. सोडून यायचं म्हणाले होते तेच सोबत आणलं होतं, हे बरं झालं.

गडचिरोलीतलं मेंढा-लेखा गाव तुला माहीत असेल. 2009मध्ये तिथल्या ग्रामसभेला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, 2011मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने तिच्या हाती आले. पण गावात अभ्यासगट त्याच्या कितीतरी आधीपासून बसत होता. कायदा वाचणं, हिशोब ठेवणं आणि जंगलावर जीव लावणं ही कामं त्या माणसांनी वेगळी मानली नाहीत. 1927च्या वन कायद्यात बांबू झाड होता, 2006च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज, म्हणजे लाकडाखेरीज जंगलातून मिळणारी वस्तू, ठरला, 2017मध्ये वनाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला. या तीन तारखांवर कित्येक घरांची चूल अवलंबून आहे. अशा ठिकाणी कागद नीट वाचणारा माणूस फार हवा असतो.

राजीनामा इतक्यात देऊ नकोस. दीड वर्षाचा घरखर्च बाजूला पडू दे, आईवडिलांना आकड्यांसकट सांग. रजा काढून शिकायला जा: चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबूचं प्रशिक्षण केंद्र आहे, मेळघाटात लवादाला आहे, इकडे कुडाळला आहे. पण कुठेही जा, आठवडाभर तरी एखाद्या बुरूडाच्या ओसरीवर बस, आणि बसण्याचे पैसे दे. ते शिकवतात तो त्यांचा कामाचा वेळ असतो.

मार्गशीर्षात आमची तोड आहे. ये. तिसऱ्या वर्षाचा बांबू ओळखायला शिकवीन. बेटातले सगळे जुने तोडायचे नसतात, नव्यांना तेच पोसतात, तेव्हा कुठला ठेवायचा हेही तिथेच उभं राहून ठरवू. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आण. कोवळ्या बांबूच्या टरफलांवर बारीक, टोचरी कूस असते, घामाने अंगाला चिकटली की रात्रभर झोप लागत नाही.

तुझी,
ताई