राजकीय नेत्यांचे चाहते एकमेकांवर इतके तुटून का पडतात? विरुद्ध बाजूचं ऐकण्यात काही अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की विधानसभा निवडणुकीपासून मेव्हण्यांशी बोलणं बंद आहे, आणि त्यांचं ऐकून घेतलं तर त्यांना डोक्यावर बसवल्यासारखं होईल. तसं काही होत नाही. ऐकणं वेगळं, पटणं वेगळं.

‘पूर्वी असं नव्हतं’ हे मात्र मला कोणी सांगू नये. निदान पुण्यात तरी. टिळक आणि आगरकर १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे सुधारणांवरून इतकं फाटलं की आगरकरांनी ‘केसरी’ सोडून १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ च्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी सामाजिक परिषद त्याच मांडवात भरवली तर मांडव जाळू, अशा धमक्या होत्या. रानड्यांना ती दुसरीकडे हलवावी लागली. फरक एवढाच, की पुढच्या अंकात उत्तर द्यायचं तर समोरच्याचा अग्रलेख शेवटपर्यंत वाचावा लागे. आता ‘तेव्हा कुठे होतात?’ एवढं टाइप केलं की झालं उत्तर.

आणि भांडायचं कोणासाठी? २०२३ च्या पुण्यातल्या कसबा पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रवींद्र धंगेकर निवडून आले, तेव्हा पेठांमध्ये काय वातावरण होतं ते आठवा. दोन वर्षांनी ते शिंदेंच्या शिवसेनेत गेले. त्यांच्यासाठी आणि त्यांच्याविरुद्ध ज्यांनी नाती तोडली, त्यांनी आता कोणाचा राग कोणावर काढायचा? त्यांचंच असं नाही. २०२३ च्या जुलैत राष्ट्रवादी फुटली तेव्हा अनेक कार्यकर्त्यांना आपण नक्की कुठले, हे टीव्ही लावून पाहावं लागलं.

मी सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो. आमच्या टोळक्यात ‘भक्त’ आहेत, ‘चमचे’ आहेत, आणि ‘सगळे चोर’ म्हणत मतदानाला न जाणारे एक काकाही आहेत (माझ्या मते हे सगळ्यात त्रासदायक). पण याच टेकडीवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विषय निघाला की सगळी फळी विस्कटते. एरवी एका नेत्याच्या नावाने आरती ओवाळणारे दोघं रस्त्यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, आणि त्यातला एक चक्क काँग्रेसवाल्याच्या बाजूने बोलतो. मी स्वतः रस्त्याच्या विरोधात आहे. टेकडीवर पाणी मुरतं, ते शहराला हवं आहे. पण आमच्यातले एक गृहस्थ लॉ कॉलेज रस्त्यावर राहतात. संध्याकाळी सात वाजता वडिलांना डायलिसिसहून घरी आणताना गेटसमोर गाडी कशी अडकून पडते, हे त्यांनी सांगितलं. माझं मत बदललं नाही. पण ‘गाड्या कमी वापरा’ असं त्यांना तोंडावर सांगायची माझी हिंमत होत नाही, आणि रस्ता नको तर मग काय, याचं उत्तर आता मला शोधावं लागतंय.

सगळ्यांचंच ऐकायला हवं असंही नाही. जातीवर, धर्मावर किंवा घरच्या बायकांवर घसरणाऱ्याला सरळ ब्लॉक करा, अपराधी वाटून घेऊ नका.

मेव्हणे धायरीला राहतात म्हणता ना? मग फोन करा. मोदी, पवार, ठाकरे, राहुल गांधी यांच्यापैकी एकाचंही नाव काढू नका. पाण्याचा टँकर किती दिवसांनी येतो आणि पैसे कोण भरतं, एवढं विचारा. अर्धा तास ते एकटेच बोलतील.