आपले प्रश्न : रक्तविकार, वेदना आणि क्षारांचा तोल

रक्तविकारांच्या रुग्णांची शुश्रूषा या विषयावर आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी निवडली आहेत. दोन पत्रे परिचर्येच्या क्षेत्रातील वाचकांची आहेत आणि तीन घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांची. उत्तरे काही ठिकाणी लांबली आहेत, कारण रक्त, वेदना आणि क्षार हे तीन वेगळे विषय पुस्तकात असतात, रुग्णाच्या खाटेपाशी नसतात.

प्रश्न : मी परिचर्या अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. आमच्या वॉर्डात सिकल सेल या आनुवंशिक रक्तविकाराचा एक तरुण रुग्ण वरचेवर दाखल होतो. वेदना दहापैकी नऊ आहेत असे तो सांगतो, पण त्याच वेळी मोबाइलही पाहत असतो; नाडी आणि रक्तदाबही फारसे वाढलेले नसतात. त्याला इंजेक्शनची सवय लागली आहे, असे ज्येष्ठ सहकारी म्हणतात. मी तक्त्यात काय लिहावे?

उत्तर : नऊ लिहावे. वेदना मोजण्याचे यंत्र नाही; रुग्ण सांगतो तीच मोजणी. तीव्र वेदनेत नाडी आणि रक्तदाब वाढतात हे खरे असले, तरी ही वाढ टिकून राहत नाही, आणि ज्याला लहानपणापासून अशा कळा येत आहेत त्याचे शरीर तर त्या बाहेर दाखवायचेच थांबवते. मोबाइल पाहणे हा त्याने मन दुसरीकडे वळवण्यासाठी शोधलेला उपाय आहे. तो वेदना नसल्याचा पुरावा मानायचा, तर ज्या रुग्णाने स्वतःला सावरायला शिकून घेतले त्यालाच आपण शिक्षा करतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

आत काय घडते तेही लक्षात घ्यावे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच मूळ बदल. पण प्राणवायू सोडून दिल्यावर असे रेणू एकमेकांना चिकटून ताठ तंतू बनतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि पुढच्या हाडाला रक्त मिळेनासे होते. हाडाची ही कळ रक्ताच्या कोणत्याही तपासणीत दिसत नाही. हिमोग्लोबिन नेहमीइतकेच असले तरी वेदनेचा झटका खरा असू शकतो. वारंवार औषध घेतल्याने मात्रा वाढवावी लागणे ही शरीराची प्रतिक्रिया आहे, तिला व्यसन म्हणत नाहीत. पुढच्या मात्रेसाठी घड्याळाकडे डोळे लावून बसणारा रुग्ण बहुधा अपुऱ्या मात्रेवर असतो.

म्हणून रुग्ण आल्यापासून एका तासाच्या आत वेदनाशामकाची पहिली मात्रा मिळावी, आणि आराम पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने वेदना पुन्हा विचारावी. मात्रा दिल्यावर श्वासांच्या गतीबरोबर गुंगीचीही नोंद ठेवावी, कारण मॉर्फिनमुळे श्वास मंदावण्याआधी बहुधा गुंगी वाढलेली असते. बोलता बोलता डोळे मिटणाऱ्या रुग्णाला पुढची मात्रा देण्याआधी डॉक्टरांना बोलवावे. पेथिडीन हे वेदनाशामक या आजारात टाळतात, कारण त्यापासून शरीरात तयार होणारा घटक साचून आकडीचे झटके येऊ शकतात. दुखऱ्या जागी बर्फ लावू नये, त्याने रक्तवाहिन्या आकसतात, ऊब चालते. या रुग्णांची मूत्रपिंडे लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यामुळे शरीरातील पाणी लवकर कमी होते. तरीही सलाईन वारेमाप चालवल्यास फुप्फुसांवर ताण येतो, म्हणून आत गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या पाण्याचा तक्ता प्रामाणिकपणे भरावा. छातीच्या वेदनेमुळे रुग्ण उथळ श्वास घेतो. जागेपणी दर दोन तासांनी दहा खोल श्वास त्याच्याकडून करवून घ्यावेत. ताप, खोकला किंवा छातीत नवीन दुखणे सुरू झाले तर सकाळच्या फेरीची वाट पाहू नये.

प्रश्न : वडिलांना मल्टिपल मायलोमा (अस्थिमज्जेतील पेशींचा कर्करोग) आहे. हाडांच्या दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू आहेत. चार दिवसांपासून त्यांना शौचास होत नाही, खूप तहान लागते, रात्री अनेकदा लघवीला उठावे लागते आणि ते असंबद्ध बोलतात. गोळ्या बंद कराव्यात का?

उत्तर : गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, आणि हे उत्तर वाचून झाल्यावर उद्यापर्यंत थांबूही नये, त्यांना आजच रुग्णालयात न्यावे. मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो आणि गुंगीही येते, त्यामुळे सगळा दोष गोळ्यांवर ढकलणे सोपे जाते. पण मॉर्फिनने तहान आणि लघवी एकाच वेळी वाढत नाही. मायलोमात हाडे झिजतात, त्यांतील कॅल्शियम रक्तात उतरते; वाढलेल्या कॅल्शियममुळे आतडी सुस्तावतात, मूत्रपिंडे पाणी धरून ठेवू शकत नाहीत आणि मेंदूवर मळभ येते. आपण सांगितलेली चारही लक्षणे या एका कारणात बसतात. दुसरीही शक्यता सोबत असते : मूत्रपिंडे मंदावली की मॉर्फिनचे घटक शरीरात साचतात आणि नेहमीचीच मात्रा जड पडू लागते. दोन्हींचा निवाडा रक्ततपासणीतच होईल. त्या वेळी अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिनही पाहावे लागते, कारण ते कमी असल्यास एकूण कॅल्शियमचा आकडा प्रत्यक्षापेक्षा सौम्य दिसतो.

उपचारांत आधी शिरेतून सलाईन आणि नंतर हाडांची झीज रोखणारे औषध देतात. त्या औषधाचा परिणाम दिसायला दोन-चार दिवस लागतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशीही बडबड थांबली नाही म्हणून घाबरू नये. घरी आल्यावर अंघोळ किंवा अंग पुसण्याआधी अर्धा-पाऊण तास वेदनाशामक मात्रा द्यावी. कूस बदलताना हात किंवा खांदा धरून ओढू नये. चादरीसकट सगळे अंग एकत्र वळवावे, कारण ही हाडे क्षुल्लक ताणानेही मोडतात. तरीही, डॉक्टरांची हरकत नसेल तर, त्यांना आधार देऊन थोडे चालवावे, कारण सतत पडून राहिल्यानेही हाडांतून कॅल्शियम बाहेर येते. मॉर्फिनच्या इतर त्रासांची शरीराला सवय होते, बद्धकोष्ठाची होत नाही. गोळ्या चालू आहेत तोवर सौम्य रेचकही रोज चालू राहावे. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके घरातल्या डब्यातून देऊ नयेत, मायलोमाच्या रुग्णाच्या मूत्रपिंडांना ती फार महाग पडतात. पाठीत नवे दुखणे आणि त्याबरोबर पायांत अशक्तपणा किंवा लघवी अडणे असे दिसले, तर मज्जारज्जूवर दाब आल्याचे समजून तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रश्न : रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाचा पोटॅशियमचा अहवाल ६.८ आला. रुग्ण निवांत बसलेला होता. नमुना बिघडला असेल म्हणून सहकाऱ्याने अहवाल बाजूला ठेवला. हे योग्य होते का?

उत्तर : नमुन्याविषयीची शंका रास्त होती, अहवाल बाजूला ठेवणे मात्र चूक होते. पोटॅशियम सर्वसाधारणपणे लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल असते, आणि ते मुख्यतः पेशींच्या आत असते. त्यामुळे रक्त घेताना दंडाला पट्टा फार वेळ घट्ट बांधला, रुग्णाला मूठ आवळत राहायला सांगितले, बारीक सुईतून जोराने रक्त ओढले किंवा पांढऱ्या पेशी अतोनात वाढलेल्या असताना त्या नळीतच फुटल्या, तर आकडा खोटा वाढतो. जांभळ्या बुचाच्या नळीतले रक्त दुसऱ्या नळीत ओतण्याची चूकही अजून होते. त्या नळीत पोटॅशियमयुक्त ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन असते, म्हणून पोटॅशियम वाढलेले आणि कॅल्शियम विलक्षण घटलेले दिसते.

पण केमोथेरपी नुकतीच सुरू झाली असेल, तर पेशी नळीत नव्हे, शरीरातच फुटत असण्याची शक्यता असते. तेव्हा पोटॅशियम, फॉस्फेट आणि युरिक आम्ल एकत्र वाढतात आणि कॅल्शियम उतरते. पोटॅशियमने हृदय थांबण्याआधी रुग्ण निवांत बसलेला असू शकतो. म्हणून त्याच क्षणी हृदयाचा आलेख काढावा, मॉनिटर लावावा, डॉक्टरांना कळवावे आणि दुसरा नमुना नीट घेऊन पाठवावा. ही कामे एकामागून एक करायची नसून एकाच वेळी करायची आहेत. आलेखात बदल असल्यास दिले जाणारे कॅल्शियम ग्लुकोनेट पोटॅशियम कमी करत नाही, ते हृदयाला सावरते. इन्सुलिन आणि ग्लुकोज पोटॅशियमला पेशींत ढकलतात, पण त्यानंतरचे काही तास रक्तातील साखर दर तासाला पाहावीच लागते.

उलट स्थितीही याच वॉर्डात दिसते. बुरशीच्या संसर्गासाठी अँफोटेरिसिन चालू असलेल्या रुग्णाचे पोटॅशियम आणि मॅग्नेशियम दोन्ही लघवीतून वाहून जातात; मॅग्नेशियम भरून काढल्याशिवाय पोटॅशियम वर येत नाही. पोटॅशियम क्लोराइड शिरेत सिरिंजने थेट कधीही देऊ नये. सलाईनमध्ये नीट मिसळून, मॉनिटर नसेल तर तासाला सुमारे १० मिलिमोलपेक्षा वेगाने नाही. शीर जळते अशी तक्रार आली तर आधी वेग आणि सुईची जागा पाहावी, वेदनाशामकाकडे नंतर वळावे.

प्रश्न : माझ्या मुलाला हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) आहे. गुडघा सुजला की शेकावा का?

उत्तर : शेकू नये. आधी फॅक्टरचे, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या घटकाचे इंजेक्शन, बाकी सगळे नंतर. सूज दिसण्याआधी सांध्यात मुंग्या येतात किंवा गरम वाटते असे मूल सांगते. तेव्हाच फॅक्टर द्यावा, एक्स-रेसाठी थांबू नये. त्यानंतर पायाला विश्रांती आणि कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ. सिकल सेलमध्ये वर्ज्य सांगितलेला बर्फ इथे चालतो, याचे आश्चर्य वाटू देऊ नये. तिथे रक्त पोहोचत नाही, इथे ते बाहेर येत असते. वेदनेसाठी पॅरासिटामॉल द्यावे. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, आणि दंडात किंवा कमरेत वेदनाशामक टोचून घेऊ नये.

प्रश्न : आईला रक्त चढवताना सिस्टर सुरुवातीची पंधरा मिनिटे तिथेच थांबल्या. नंतर आईच्या ओठांभोवती मुंग्या आल्या. हे रक्त न जुळल्याने झाले का?

उत्तर : बहुधा नाही. रक्त गोठू नये म्हणून पिशवीत सायट्रेट असते, ते शरीरातील कॅल्शियमला बांधून ठेवते. रक्त वेगाने गेले किंवा यकृत कमकुवत असले की ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. सिस्टरना सांगावे, त्या वेग कमी करून डॉक्टरांना कळवतील. न जुळलेल्या रक्ताची खूण वेगळी असते : थंडी वाजून येणे, कंबर दुखणे, छाती भरून येणे, लघवी लाल होणे. ती थोड्याशा रक्तानेही उमटू शकते, म्हणूनच पहिली पंधरा मिनिटे सिस्टर जागेवरून हलत नाहीत. अशा वेळी कंबरदुखीवर गोळी मागू नये. रक्त तत्काळ थांबवून, नळी बदलून, साध्या सलाईनवर शीर चालू ठेवली जाते. रिंगर लॅक्टेट हे दुसऱ्या प्रकारचे सलाईन तिथे चालत नाही, त्यातील कॅल्शियमने रक्ताच्या गुठळ्या होतात. पिशवी मात्र कोणी फेकू नये. उरलेल्या रक्तासह ती रक्तपेढीकडे परत जावी लागते.