वाचकांचे प्रश्न : मत्स्यटाकीवर ट्यूब असावी की एलईडी?

टाकीतील पाणवनस्पतींविषयी या सदरात लिहिल्यानंतर दिव्यांबद्दल बरीच पत्रे आली. सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : माझी टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल आहे. तिच्यावर ३९ वॅटच्या दोन टी-५ ट्यूब अडीच वर्षांपासून रोज दहा तास चालतात. दोन्हींची टोके काळपट झाली आहेत. अमेझॉन स्वॉर्ड आणि क्रिप्टोकोरिन पूर्वी जोमाने वाढत. आता नवी पाने लहान येतात. दुकानदार एलईडी घ्यायला सांगतात, तर माझे एक स्नेही म्हणतात की वनस्पतींना ट्यूबचाच उजेड मानवतो. कोणाचे ऐकावे?

उत्तर : उजेड कोणत्या दिव्यातून आला याच्याशी वनस्पतीला काही देणेघेणे नसते. तो पानापर्यंत किती पोहोचला आणि त्यात तिला वापरता येणारे रंग आहेत का, एवढेच तिच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. म्हणून दिव्याची जात ठरवण्याआधी तुमच्या टाकीच्या तळाशी आज किती उजेड पडतो ते पाहू.

ट्यूबमध्ये पाऱ्याची अल्पशी वाफ असते. वीजप्रवाहामुळे तिच्यातून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण निघतात आणि काचेला आतून दिलेला फॉस्फरचा पांढरा लेप त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. वापरागणिक हा लेप मंदावतो. चांगल्या पांढऱ्या ट्यूबमध्ये ही घट संथ असते, पण टोके काळवंडणे ही वेगळी खूण आहे. तेथील तंतूवरचे द्रव्य उडून काचेवर बसू लागले की ट्यूबचे आयुष्य सरत आले असे समजावे. तुमच्या ट्यूब नऊ हजार तासांहून अधिक चालल्या आहेत. उजेड दिवसेंदिवस थोडाथोडा कमी होत गेल्यामुळे डोळ्यांना तो कळला नाही, पानांना कळला.

मात्र सगळा दोष ट्यूबच्या माथी मारण्यापूर्वी एक साधी परीक्षा करा. माझ्या टाकीच्या झाकणाची काच मला स्वच्छच वाटत असे. एकदा तिचा अर्धा भाग व्हिनेगरने पुसला, ती दिव्याखाली आडवी धरली आणि खाली पांढरा कागद ठेवला. कागदावर मधोमध सरळ रेघ ओढल्यासारखे दोन भाग दिसले : एक शुभ्र आणि एक मळकट. बुडबुड्यांबरोबर उडणारे पाणी वाळून काचेवर क्षारांचा पापुद्रा साठला होता आणि त्या पापुद्र्यातून येणाऱ्या उजेडालाच मी महिनोन्महिने दिव्याचा उजेड समजत होतो. ट्यूबमागच्या चकचकीत पत्र्यावर बसलेली धूळही असेच नुकसान करते. हे दोन्ही पुसून, चांगले धुऊन घेतल्यावर पंधरा दिवस थांबा आणि मग पाकीट उघडा.

पाकीट उघडायचेच ठरले, तर मी एलईडीच्या बाजूने आहे आणि त्याचे पहिले कारण दिव्याच्या आकारात आहे. ट्यूब चहूबाजूंनी उजेड फेकते. त्यातला वर गेलेला भाग मागचा पत्रा परतवतो, पण परतलेल्या किरणांतले काही पुन्हा ट्यूबवरच आदळून वाया जातात. १६ मिलिमीटर व्यासाची टी-५ ही २६ मिलिमीटरच्या टी-८ पेक्षा टाकीवर सरस ठरली, त्यामागे हेही एक कारण आहे : बारीक ट्यूब स्वतःच्या उजेडाच्या आड कमी येते. एलईडीचा उजेड मुळातच एका दिशेने, साधारण १२० अंशांच्या पंख्यात पडतो आणि वर भिंग बसवले तर त्याहून अरुंद पट्ट्यात. म्हणूनच ‘एका लिटरला इतके वॅट’ हा जुना हिशेब एलईडीला लावू नये. तो ट्यूबच्या काळात बसवलेला आहे आणि वॅट हे दिवा किती वीज घेतो ते सांगतात. किती उजेड देतो ते नव्हे.

खोक्यावर छापलेल्या ल्यूमेनवरही पूर्ण विसंबू नका. ल्यूमेन हे माप माणसाच्या डोळ्यांसाठी आहे आणि आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट उजेडाला सर्वाधिक संवेदनशील असतो. वनस्पती ४०० ते ७०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड वापरतात आणि त्याचे माप पीएआर या नावाने, मायक्रोमोलमध्ये दिलेले असते. अनुबियास, जावा फर्न अशा सोशिक वनस्पतींना तळाशी १५ ते ३० मायक्रोमोल पुरतात. तुमच्या स्वॉर्डला आणि क्रिप्टोकोरिनला ३० ते ५० द्यावेत. लाल पानांच्या किंवा जमिनीलगत गालिच्यासारख्या पसरणाऱ्या वनस्पतींना ८० किंवा त्याहून अधिक लागतात, पण तेथे कार्बन डायऑक्साइडची जोडही द्यावी लागते. पीएआर मोजण्याचे यंत्र महाग असते. अंदाजापुरता एक उपाय असा : दिवा टाकीवरून काढून हवेत धरा, त्याच्याखाली दीड फुटावर मोबाइलमधील लक्समापक (उजेड मोजणारे अॅप) ठेवा आणि आलेल्या आकड्याला ७० ने भागा. पांढऱ्या दिव्यासाठी हा भागाकार ढोबळमानाने चालतो. निळ्या-जांभळ्या दिव्यासाठी मुळीच नाही.

विजेचा हिशेब सरळ आहे. तुमच्या दोन ट्यूब मिळून ७८ वॅट घेतात. रोज दहा तासांप्रमाणे वर्षाला सुमारे २८५ युनिट होतात आणि बॅलास्टमध्ये, म्हणजे ट्यूबचा वीजप्रवाह आवरणाऱ्या भागात, जाणारी वीज त्याहून वेगळी. तेवढेच काम ४५ वॅटच्या चांगल्या एलईडीने होऊ शकते आणि तिचे वर्षाचे सुमारे १६४ युनिट होतात. त्यात ट्यूब वेळोवेळी बदलण्याचा खर्च वाचतो, तो धरावा.

एलईडीचे आयुष्य मात्र छापील आकड्यावरून मोजू नये. खोक्यावर २५ हजार किंवा ५० हजार तास लिहिलेले असतात ते बहुधा त्या बारीक चिपांचे, म्हणजे त्यांचा उजेड मूळच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतचे असतात. दगा देतो तो बहुतेक वेळा त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर. तो टाकीच्या वाफेपासून दूर, वेगळ्या डबीत आणि स्वतंत्रपणे बदलता येणारा असेल तो दिवा घ्या, दिसायला थोडा ओबडधोबड असला तरी. उजेड कमी-जास्त करण्याची सोय आणि ६५०० केल्व्हिनच्या आसपासचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखा पांढरा रंग या दोन गोष्टींवर तडजोड करू नका. निव्वळ लाल-निळ्या चिपांचे दिवे वनस्पती वाढवतात खरे, पण त्यांच्याखाली मासे औषधाच्या बाटलीत ठेवल्यासारखे दिसतात.

तुमच्या स्नेह्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एका बाबतीत. तीन फूट ट्यूब सगळ्या लांबीवर सारखाच उजेड सांडते आणि पानांखाली गडद सावली पडू देत नाही. एलईडीची एकच अरुंद पट्टी दीड फूट रुंदीच्या टाकीवर मधोमध ठेवली, तर पुढच्या काचेलगतच्या वनस्पती अंधारात राहतात. रुंद पॅनेल किंवा दोन समांतर पट्ट्या घेतल्या की हा प्रश्न सुटतो. शिवाय ट्यूब यापुढे मिळणे अवघड होणार, हेही लक्षात ठेवा. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत लांब ट्यूबचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ च्या अखेरपर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले आहे. पाऱ्यामुळेच जुन्या ट्यूब घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. त्या ई-कचरा संकलनात द्याव्यात. एखादी फुटलीच तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर थांबावे, तुकडे जाड कागदाने गोळा करावेत, जागा ओल्या फडक्याने पुसावी आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये.

प्रश्न : महिन्यापूर्वी ट्यूब काढून एलईडी बसवली. टाकी झगमगली, पण आता पानांवर आणि काचेवर हिरवे शेवाळ चढले आहे व काही पाने पांढुरकी पडली आहेत. एलईडीचा उजेड अपायकारक असतो का?

उत्तर : नाही. तो तुमच्या टाकीला अचानक जास्त झाला आहे. चुलीचा जाळ दुप्पट केला आणि भांड्यातले पाणी तेवढेच ठेवले, तर खालचे करपणारच. उजेड वाढला की वनस्पतीची कार्बन डायऑक्साइड, नायट्रेट आणि पोटॅशियमची भूक वाढते. ती भागली नाही तर वाढ अडते आणि पडून राहिलेल्या उजेडावर शेवाळ जगते. दिवा निम्म्यावर आणा. तशी सोय नसेल तर तो पाण्यापासून वीतभर वर टांगा किंवा मध्ये पातळ जाळीचे कापड ताणा. टायमर लावून रोज सहाच तास चालवा आणि शेवाळ आटोक्यात आल्यावर दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त उजेड वाढवू नका. पांढुरकी पाने पुन्हा हिरवी होत नाहीत. ती कापून टाका आणि नव्या पानांवर नजर ठेवा.

प्रश्न : जुन्या फिटिंगमध्ये ट्यूबच्या जागी एलईडी ट्यूब बसवली तर चालेल का?

उत्तर : कधी चालते, कधी जिवावर बेतते. एलईडी ट्यूब दोन प्रकारच्या असतात : काही जुन्या चोकसह किंवा बॅलास्टसह चालतात, तर काहींना थेट घरची वीज द्यावी लागते आणि त्यासाठी चोक काढून वायरिंग बदलावे लागते. पहिल्या प्रकारातही चोकच्या फिटिंगमध्ये स्टार्टरच्या जागी ट्यूबसोबत आलेला तुकडा बसवावा लागतो. एक प्रकार दुसऱ्याच्या जागी बसवू नये आणि वायरिंगचे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. घरातल्या भिंतीसाठी बनवलेली एलईडी ट्यूब ओलाव्यासाठी बनवलेली नसते, त्यामुळे उघड्या टाकीवर ती मी लावणार नाही. आयपी ६७ दर्जाचा, म्हणजे आत धूळ किंवा पाणी न शिरणारा दिवा घ्यावा, वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी झोळातून गळून पडते, आणि टाकीची सगळी उपकरणे आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या जोडणीवर ठेवावीत.

प्रश्न : समुद्री टाकीत प्रवाळ ठेवायचे आहेत. अनुभवी मंडळी अजूनही टी-५ सोडत नाहीत, असे का?

उत्तर : सावलीमुळे. फांद्यांच्या प्रवाळावर एलईडीचा एकच ठिपक्यासारखा स्रोत असला की वरचा भाग उजळतो आणि खालचा उपाशी राहतो. टी-५ च्या चार-सहा ट्यूबची रांग सर्व बाजूंनी मऊ उजेड देते. उलट एलईडीच्या ठिपक्यामुळेच वाळूवर लाटांच्या हलत्या रेषा उमटतात, ज्या ट्यूबखाली जवळजवळ दिसत नाहीत. म्हणून कित्येक जण मध्ये एलईडी आणि दोन्ही कडांना टी-५ अशी जोडी लावतात. प्रवाळाच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाला निळा उजेड उपयोगी पडतो आणि पाण्यात लाल उजेड लवकर शोषला जाऊन निळा खोलवर जातो, त्यामुळे या टाक्यांवर निळसर दिवे असतात. मऊ प्रवाळांना ५० ते १५० मायक्रोमोल पुरतात, तर कठीण फांद्यांच्या प्रवाळांना २०० ते ३५० लागतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मऊ प्रवाळ आणि कमी-जास्त करता येणारी एलईडी यांपासूनच आरंभ करावा, असे माझे मत आहे.

प्रश्न : आमच्या टाकीत फक्त गोल्डफिश आणि प्लास्टिकची झाडे आहेत. रात्री मासे दिसावेत म्हणून निळा दिवा चालू ठेवतो. चालेल ना?

उत्तर : दिवसा तुम्हाला आवडेल तो दिवा लावा, माशांना ट्यूब आणि एलईडी दोन्ही सारखेच. रात्रीचा निळा दिवा मात्र बंद करा. गोल्डफिशला पापण्या नसतात, त्यामुळे अंधार त्याने स्वतः करून घ्यायचा म्हटला तर त्याला तसे करता येत नाही. रोज आठ-दहा तास उजेड पुरे आहे. सकाळी आधी खोलीतला दिवा लावा किंवा पडदे उघडा, आणि दहा-पंधरा मिनिटांनी टाकीवरचा. एकदम लख्ख उजेड पडला की मासे दचकून काचेवर आदळतात.