मृत्युपत्राला आव्हान द्यायला लेकीच्या शिक्षणाची ठेव मोडावी का?

ताई, वडिलांनी शेवटच्या आजारपणात मृत्युपत्र केलं आणि पुण्यातला 90 लाखांचा फ्लॅट, बँकेतली 12 लाखांची ठेव, गावची शेती, सगळं भावाच्या नावे लिहून दिलं. कोर्टात जाण्यासाठी लेकीच्या इंजिनिअरिंगचे 8 लाख मोडावेत का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता मोडू नका. पण भावाने पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सहीही करू नका.

फ्लॅट वडिलांच्या स्वकमाईचा. तो ते कुणालाही देऊ शकत होते. मुलीला वगळलं एवढ्यावरून मृत्युपत्र रद्द होत नाही. मात्र ते खरं असल्याचं भावाला सिद्ध करावं लागेल. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, आणि संशयाला जागा असेल तर ती दूर करणंही त्याच्याकडेच, हे सुप्रीम कोर्टाने 1959 मध्येच स्पष्ट केलंय. वकील भावानेच आणला आणि वडील तेव्हा माणसं ओळखत नव्हते, असं तुम्ही लिहिता. डॉक्टरांच्या कागदांत तशी नोंद आहे का? नुसत्या आपल्या सांगण्यावर दावा टिकणं अवघड. शिवाय जिंकलात तरी आई, भाऊ आणि तुम्ही असे तीन सारखे हिस्से पडतील. म्हणजे फ्लॅटचे साधारण 30 लाख, तेही कितीतरी वर्षांनी.

वडिलांच्या ठेवीवर नॉमिनी तुम्ही आहात, म्हणून ती आपलीच, असं धरून चालू नका. बँक पैसे तुमच्या हाती देईल, पण मालकी मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने ठरते. ते पैसे वेगळ्या खात्यात ठेवा, फीला वापरू नका.

माझ्या मते तुमची खरी ताकद शेतीत असू शकते. जमीन वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची असेल, तर मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. हिंदू वारसा कायद्यातली 2005 ची दुरुस्ती आणि 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल त्यासाठीच आहेत. मग वडील फक्त स्वतःचा हिस्सा लिहून देऊ शकतात. आई, वडील, भाऊ आणि तुम्ही असे चौघेच असाल, तर तुमचा पाव हिस्सा मृत्युपत्राच्या बाहेरच राहतो. पण आजोबा हा कायदा आल्यावर, म्हणजे 1956 नंतर वारले आणि जमीन वडिलांना वारसाने मिळाली असेल, तर ती बहुधा वडिलांची स्वतःचीच धरली जाईल. म्हणून जुने सातबारा आणि फेरफार आधी काढा. भावाच्या नावाच्या फेरफाराची नोटीस आली, तर 15 दिवसांच्या आत लेखी हरकत द्या.

हे कागद, रुग्णालयाची फाईल आणि एका दिवाणी वकिलाचा सल्ला, एवढा खर्च महिन्याच्या बचतीतून करा. वकिलाकडून पुढच्या टप्प्यांचे आकडे लिहून घ्या, मग पुन्हा कळवा.

आणखी एक, पत्रात आईंचा उल्लेख एकदाच आलाय. मृत्युपत्रात त्यांनाही काही नाही, आणि त्या राहतात त्याच फ्लॅटमध्ये. वकिलाकडे जाण्याआधी त्यांच्याशी बोला.