त्रिकोणी जागेच्या तिन्ही बाजू माहीत आहेत, क्षेत्रफळ कसं काढू?

तुम्ही इंदूरला सुदामानगरातल्या घरामागच्या तुकड्याची मापं दिलीत: 20, 21 आणि 29 फूट. फरशी किती लागेल, हा प्रश्न. आधी काटकोन आहे का ते पाहा. 20 चा वर्ग 400, 21 चा 441, बेरीज 841, आणि 29 चा वर्गही 841. म्हणजे पायथागोरसप्रमाणे कोपरा बरोबर काटकोनात आहे. आता काटकोन करणाऱ्या दोन बाजूंचा गुणाकार करून निम्मा करा: 20 × 21 = 420, निम्मे 210 चौरस फूट.

कर्ण, म्हणजे सर्वांत लांब बाजू, या गुणाकारात कधीच घ्यायची नाही. मुलं परीक्षेत इथे चुकू शकतात. कर्ण आणि एकच बाजू माहीत असेल, तर वर्गांची वजाबाकी करून दुसरी बाजू काढा: 841 − 400 = 441, वर्गमूळ 21.

मिस्त्रीच्या टेपने तिसरी बाजू 28.5 आली तर? काटकोन उरत नाही, मग हेरॉनचं सूत्र वापरा. परिमितीचा निम्मा 34.75. त्यातून तिन्ही बाजू एकेक करून वजा केल्यावर 14.75, 13.75 आणि 6.25. या चारही संख्यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ सुमारे 209.9. पाहा, कर्णात अर्धा फूट फरक पडूनही क्षेत्रफळ जवळपास तेच राहिलं! काटकोनाच्या आसपास कोन थोडा हलला तरी क्षेत्रफळ फार बदलत नाही, पण 20 आणि 21 फुटांच्या त्या दोन बाजू मात्र नीट मोजा. तिरप्या कडेला फरशा कापाव्या लागतील, तेव्हा 210 चौरस फुटांपेक्षा थोड्या जास्तच मागवा.