उतारावर न्यूट्रल नको

प्रश्न : नारायणगावहून वाशी मार्केटला टोमॅटो नेतो. पिकअपचं अॅव्हरेज घसरलंय. डिझेल वाचावं म्हणून माळशेजच्या उतारावर गाडी न्यूट्रल करतो. बरोबर आहे का?

उत्तर : नाही, हे आजच थांबवा. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने डिझेल फवारणाऱ्या इंजिनात, गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर (डिझेल फवारणारे भाग) डिझेल बंद करतात. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला डिझेल जळतच राहतं, शिवाय सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकचे लायनर तापले की भरल्या गाडीचा ब्रेक लागत नाही. घाट चढताना जो गिअर लागतो, त्यातच उतरा.

सपाटीला ८० ऐवजी ६० धरा. ८० ला हवेचा विरोध जवळपास पावणेदोनपट असतो. परतीला रिकाम्या क्रेटची चवड केबिनपेक्षा उंच नको. क्लचवर पाय ठेवून चालवू नका. टायर थंड असतानाच हवा तपासा.