मालिकेतल्या पात्रांना प्राचीन रोममधली नावं द्यायची असतील तर ती कुठून शोधावीत?

तुम्ही म्हणताय की काल्पनिक साम्राज्यावर वेब सीरिज लिहिताय, नावं रोमन वळणाची हवीत पण सीझर, ब्रूटस, नीरो यांच्यापुढे गाडी सरकत नाहीये, आणि टीव्हीवाले ही नावं आणतात तरी कुठून. माझं स्पष्ट मत आहे की मोठी नावं सोडूनच द्या. ब्रूटस म्हटलं की बघणाऱ्याला पहिल्या एपिसोडलाच कळतं हा पाठीत सुरा खुपसणार, मग तुमच्या पात्राला वाढायला जागाच राहत नाही. जागा मिळते ती ज्यांच्यावर इतिहासाने चार ओळी खर्च केल्या आणि पुढे गेला अशा माणसांकडे.

एचबीओ आणि बीबीसीची 'रोम' ही मालिका (2005 ते 2007) बघितली असेल तर टायटस पुलो आणि लुसियस व्होरेनस आठवत असतील. खूप जणांना वाटतं ही जोडी लेखकांनी मनाने रचली, पण दोन्ही नावं खुद्द सीझरने लिहून ठेवलीयत, गॉलच्या (म्हणजे साधारण आजच्या फ्रान्सच्या) युद्धाच्या हकिकतीत, पाचव्या भागात. इ.स.पू. 54 चा हिवाळा, तिथल्या नर्व्ही जमातीच्या लोकांनी रोमन छावणीला वेढा घातलाय, आणि आत हे दोन सेंच्युरियन, म्हणजे सैनिकांच्या तुकडीचे अधिकारी, ज्यांची बढतीवरून दरवर्षी एकमेकांशी चुरस. पुलो व्होरेनसला म्हणतो कसली वाट बघतोयस, आज काय तो निकाल लावू, आणि सरळ तटाबाहेर पडतो. एकाला भाला मारून पाडतो, पण शत्रूचा भाला त्याची ढाल फोडून कमरेच्या पट्ट्यात रुततो, त्या धक्क्याने म्यान फिरतं आणि तलवारीपर्यंत हातच पोचेना. अशा वेळी धावून कोण येतं तर तोच व्होरेनस, मग तो मारामारीत पाय घसरून खड्ड्यात पडतो आणि आता पुलो त्याला वाचवतो, दोघं जिवंत परत येतात आणि सीझर लिहितो की यातला जास्त शूर कोण हे ठरवणं अवघड. बस, एवढंच. याच एका परिच्छेदातल्या नावांवर दोन सीझनची मैत्री उभी राहिली. मालिकेत पुलोला साधा शिपाई केलाय तो बदल मला पटतो, कारण दोघांत वरचा-खालचा आल्याशिवाय रोज खटके कसे उडणार. आणि गंमत बघा, इ.स.पू. 48 मध्ये टायटस पुलो नावाचा माणूस सीझरच्याच लिखाणात त्याचा प्रतिस्पर्धी सेनापती पाँपे याच्या बाजूने लढताना सापडतो, म्हणजे पक्ष बदलण्याचं कथानकसुद्धा आयतं मिळतं.

'स्टार ट्रेक'मध्ये 1966 पासून रोम्युलन नावाचे परग्रहवासी आहेत, त्यांच्या ग्रहांची नावं रोम्युलस आणि रीमस, म्हणजे दंतकथेत रोम वसवणारे जुळे भाऊ, त्यांच्यात सेंच्युरियन आणि प्रीटर (रोमन पदाधिकारी) असतात, पण ते उघड उघड रोमच आहे. मालिकेचा नायक कॅप्टन कर्कच्या नावातला 'टी' म्हणजे टायबेरियस, एका रोमन सम्राटाचं नाव, हे नंतर 1974 च्या अॅनिमेटेड मालिकेत कळलं. हा वापर मला ठीकठाक वाटतो, भारदस्त वाटतं एवढंच, नावातून कथा काही निघत नाही.

कथा काढायची तर रोमन लोक नाव कसं ठेवायचे ते बघा. मुलाचं स्वतःचं नाव, मग कुळाचं, आणि तिसरं बहुतेकदा कुठल्या तरी पूर्वजाला पडलेलं टोपणनाव. आपल्याकडे काळे, गोरे, बोबडे, लांडगे ही आडनावं आहेत ना, तसंच. क्रॅसस म्हणजे जाड्या, स्ट्रॅबो म्हणजे तिरळा, आणि रोमचा प्रसिद्ध वक्ता आणि राजकारणी सिसेरो याचं नाव चक्क हरभऱ्यावरून आलंय. प्राचीन चरित्रकार प्लुटार्क सांगतो की त्याच्या पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती. मित्र सिसेरोला म्हणाले राजकारणात पडतोयस तर हे नाव टाक, तो म्हणाला मी हेच नाव मोठं करून दाखवतो. पुढे सिसिलीत अधिकारी असताना त्याने देवाला चांदीचं भांडं अर्पण केलं, त्यावर मार्कस आणि टुलियस ही दोन नावं अक्षरात कोरून घेतली आणि तिसऱ्याच्या जागी कारागिराला हरभऱ्याचा दाणा कोरायला सांगितला! माणसाचा अख्खा स्वभाव त्या एका दाण्यात दिसतो, तुमच्या एखाद्या महत्त्वाकांक्षी पात्राला असा प्रसंग द्याच.

नाव बदलणं हा तर तयार प्लॉट आहे. सिसेरोचा टायरो नावाचा गुलाम होता, त्याचा लेखनिक, इ.स.पू. 53 मध्ये मुक्त झाला आणि रीतीप्रमाणे मार्कस टुलियस टायरो झाला, म्हणजे स्वातंत्र्य मिळालं त्या दिवशी मालकाचं नाव कायमचं अंगाला चिकटलं. यावर एक पूर्ण एपिसोड होईल असं मला मनापासून वाटतं.

बायकांच्या नावात मात्र जपून. मुलीला कुळाचंच नाव, त्यामुळे सीझरची आत्या ज्युलिया, दोन्ही बहिणी ज्युलिया, मुलगी पण ज्युलिया. इतिहासात सीझरचा वारस ऑक्टेव्हियन याला दोन ऑक्टेव्हिया बहिणी होत्या, 'रोम'मध्ये एकच ठेवलीय आणि बरोबर केलंय. मी एका ऑडिओ मालिकेसाठी मार्कस, मार्सेलस आणि मॅक्सिमस अशी तीन भावांची नावं ठेवली होती, पहिल्याच वाचनाला कलाकार एकमेकांचे संवाद म्हणायला लागले आणि रात्रीतून दोन भावांचं बारसं परत करावं लागलं. तेव्हापासून मी आधी पहिलं अक्षर वेगळं आहे का बघतो, मग अर्थ.

आणि साध्या माणसांसाठी पाँपेईला, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या रोमन शहराला जा, म्हणजे पुस्तकातून. तिथे लुसियस सेसिलियस युकुंडस नावाच्या सावकाराच्या घरात 1875 मध्ये दीडशेच्या वर मेण लावलेल्या लाकडी पाट्या सापडल्या, लिलावाच्या पावत्या आहेत त्या. ब्रिटनमधल्या शाळेच्या लॅटिन पुस्तकात हाच सेसिलियस आहे आणि 2008 मध्ये 'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेने पाँपेईचा एपिसोड केला तेव्हा सेसिलियस, मेटेला, क्विंटस हे कुटुंब त्या पुस्तकावरूनच आणलं, फक्त सावकाराचा संगमरवराचा व्यापारी केला. त्या पावत्यांच्या खाली साक्षीदारांची नावं ओळीने आहेत, त्यातल्या अनेकांबद्दल दुसरं फारसं काही कुठे लिहिलेलं नाही. तुमच्या दुकानदाराला, शेजाऱ्याला, उधारी बुडवणाऱ्याला नावं तिथूनच घ्या.